पडका वाडा वाचवायचाय? आधी माळवदाचं ओझं उतरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुन्या पेठेत एक मोठा वाडा पडीक आहे, पूर्वी तिथं वाचनालय होतं. शेजारची दोन घरं निम्मी ढासळली आहेत, वेशीबाहेरची बारव (पायऱ्यांची विहीर) कचऱ्यानं भरली आहे. पोरं कामाला तयार आहेत. नगरपंचायतीनं वाड्यावर धोकादायक इमारतीची नोटीस डकवली आहे आणि वडीलधारी मंडळी म्हणतात, पाडून मोकळे व्हा. सुरुवात कुठून करायची आणि वर्गणी किती जमवायची?

वर्गणीचं नंतर बघू. आधी वडीलधाऱ्यांचं ऐकून घ्या, कारण त्यांची भीती खरी आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती बोळवून लोक झोपले होते तेव्हा, किल्लारी आणि आसपासच्या गावांत भूकंपात हजारो माणसं गेली. ती गेली याच प्रकारच्या घरांखाली. लातूर-धाराशिवकडं आजही दगडमातीच्या घरात झोपायला घाबरणारे लोक आहेत. त्यांना "जुनं बांधकाम मजबूत असतं हो" असं सांगायला जाऊ नका, ते अर्धवट खरं आहे. घरं कशानं पडली ते त्यांच्यासमोर मांडा आणि आपल्या वाड्यात त्यावर काय करणार तेही सांगा. गाव तिथंच तुमच्या बाजूला येतं.

कशानं पडली? दोन कारणं. पहिलं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. खाली तुळया, त्यावर सर म्हणजे आडवी लाकडं, मग किलचन म्हणजे लाकडाच्या पट्ट्या, त्यावर पाला आणि वर माती. दर वर्षी मृगाच्या आधी पाणी गळू नये म्हणून वर पांढरी माती टाकायची रीत. आजोबांनी टाकली, बापानं टाकली, जुनी कुणी काढली नाही. त्यामुळं किल्लारीच्या भागात कित्येक घरांवर फूट, दोन फूट जाडीचा मातीचा थर होता. दुसरं कारण भिंत. बाहेरून दोन-अडीच फुटांची दिसते, पण आत दोन वेगळे पदर असतात आणि मध्ये चिपा-मातीची भर. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारा आरपार दगड नसेल, तर पाणी मुरून भर फुगते, भिंतीला पोट येतं आणि हादऱ्याला बाहेरचा पदर सुटून पडतो.

म्हणून तुमचं पहिलं काम रंग नाही, दरवाजाला पॉलिश नाही, फलक तर नाहीच. पहिलं काम माळवद हलकं करणं. आधी खालून प्रत्येक तुळईला टेकू द्या. मग माती थराथरानं, दोन्ही बाजूंनी सारखी, पाट्यांनी उतरवा. एका वेळी वर मोजकीच माणसं. एका बाजूची सगळी माती आधी काढली तर तोल जाऊन उरलेली बाजू भिंतीला ढकलते. तुळई भिंतीत जिथं शिरते ते टोक टोच्यानं टोचून बघा, सागवान बहुतेक वेळा मधे धडधाकट आणि टोकाला कुजलेलं असतं. माती उतरली की लोखंडी पाइपांच्या स्वतंत्र सांगाड्यावर उताराचे पत्रे टाका, भार भिंतीवर येऊ देऊ नका. दिसायला बरं दिसत नाही, पण पाणी थांबलं की वाड्याला पाच-सात वर्षं मिळतात आणि तेवढ्यात बाकी सगळं होतं. पाणी थांबवलं नाही तर लाखो रुपये घालूनही काही उरत नाही, हे मी बऱ्याच ठिकाणी बघितलंय.

भिंतीसाठी स्ट्रक्चरल इंजिनिअर गाठा आणि त्यांना आयएस 13828 व आयएस 13935 ही भूकंपासाठीची भारतीय मानकं माहीत आहेत का ते विचारा. दगडी भिंतीत साधारण दर दोन फूट उंचीवर आणि चार फूट अंतरावर आरपार दगड हवा, असं पहिलं मानक सांगतं. जुन्या भिंतीत तो नसेल तर एकेक दगड हळूच काढून आरपार भोक करतात, त्यात आकडा वळवलेली सळई ठेवून काँक्रीट भरतात. किल्लारीनंतर आपल्याच भागातल्या गवंड्यांना हे काम शिकवलं गेलं होतं. जुन्या गवंड्यांकडं चौकशी करा, एखादा तरी सापडेल. याच इंजिनिअरचा लेखी अहवाल नोटिशीच्या उत्तराला जोडा आणि पाडण्याऐवजी टेकू देऊन दुरुस्तीची मुदत मागा. नोटीस मालकाच्या नावानं असते, तेव्हा अर्जही मालकाच्याच सहीनं जायला हवा.

आणि इथंच बहुतेक मंडळं अडकतात. मालक कोण? घरपट्टीच्या उताऱ्यावर नाव आहे म्हणजे तो मालक, असं धरू नका. सिटी सर्व्हे झाला असेल तर मालमत्ता पत्रक काढा. आपल्याकडं मराठवाड्यात 1948 पर्यंत निजामाचं राज्य, त्यामुळं जुने कागद उर्दूत किंवा मोडीत निघतात. कुणबी नोंदींचा शोध 2023 मध्ये सुरू झाल्यापासून ही लिपी वाचणारी माणसं बऱ्याच तालुक्यांत लोकांना ठाऊक झाली आहेत, त्यांना विचारा. जागा इनामाची निघाली तर तिची कहाणी वेगळी, वक्फची असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या वक्फ मंडळाकडं जावं लागतं, सार्वजनिक न्यासाची इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीनं घ्यायची तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. खासगी असेल तर सगळे वारस शोधा, पुण्या-हैदराबादला गेलेले आणि लेकीबाळीसुद्धा. बाँडवर सह्या घेऊन काम सुरू करू नका. वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृतच लागतो. पंधरा-वीस वर्षांचा करा आणि दुरुस्तीचा खर्च कुणाचा, मुदत संपल्यावर काय, हे त्यात स्पष्ट लिहून घ्या. वाडा चांगला दिसायला लागला की भाऊबंदकी जागी होते.

जवळ केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे का तेही बघून घ्या. त्याच्यापासून 100 मीटरच्या आत नवं बांधकाम बंद आहे आणि त्यापुढच्या 200 मीटरांत परवानगीनंच करता येतं. दुरुस्तीलाही परवानगी लागते.

सिमेंटबद्दल माझं मत ठाम आहे: चुन्याच्या किंवा मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करू नका. भिंतीतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते, क्षार आतच साचतात आणि वरून चकचकीत दिसणारी भिंत आतून भुसभुशीत होते. कळीचा चुना विझवून महिनाभर तरी मुरू द्या, वाळू आणि सुरखी म्हणजे विटांची भुकटी घाला. गूळ, बेलफळ, हिरडा हे जुने गवंडी सांगतील त्या बेतानं. चुन्याचं काम भर उन्हाळ्यात काढू नका, आपल्याकडच्या उन्हात तो पकड घ्यायच्या आत वाळून तडकतो. दिवाळीनंतर काढा आणि ओली गोणपाटं लावून जपा. भिंतीतला पिंपळ उपटू नका, मुळासोबत दगड येतात. बुंधा कापा, फुटवा आला की पुन्हा कापा. पिंपळ मारायला मीठ तर अजिबात ओतू नका, ते भिंतीतच राहतं आणि दगड-चुना खातं.

श्रमदान मलबा काढायला, गाळ उपसायला, दगड-लाकडांवर नंबर टाकून ते रचून ठेवायला. दगड बसवायचं काम वडार कारागिरांचं, लाकडाचं सुतारांचं, आणि त्यांना पूर्ण मजुरी द्यायची. गावासाठी फुकट करा असं ज्याचं पोट हातावर आहे त्याला म्हणणं मला पटत नाही. निघालेलं कोरीव सागवान मात्र त्याच दिवशी कुलपात ठेवा, अशा खांबांवर डोळा ठेवून फिरणारे व्यापारी असतात.

बारवेत जेसीबी घालू नका, पायऱ्या फुटतात. तळाशी उतरण्याआधी हवा आहे का ते तपासा. परभणी जिल्ह्यातल्या वालूरला जाऊन या, तिथली चक्राकार पायऱ्यांची बारव गावकऱ्यांनीच मोकळी केली आहे.

आता पैसा. पूर्ण वाड्याचं अंदाजपत्रक गावापुढं ठेवलं की आकडा ऐकूनच लोक मागं सरतात. छप्पर, टेकू आणि एक खोली, एवढ्याचीच वर्गणी काढा. हिशेब दर आठवड्याला पारावरच्या फळ्यावर लिहा. खोली तयार झाली की त्यात संग्रहालय नको, अभ्यासिका करा. स्पर्धा परीक्षेची पोरं-पोरी आपल्याकडं प्रत्येक गावात आहेत आणि शांत बसायला जागा नाही. मुलींसाठी नीट स्वच्छतागृह आणि रात्रीचा दिवा, या दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून हव्यात. रोज सकाळी कुणीतरी कुलूप उघडतं, तेव्हा गळती त्याच दिवशी लक्षात येते. पुढच्या खोलीची वर्गणी त्या पोरांचे आईबापच आणून देतात.

ढासळलेल्या दोन घरांना सध्या हात लावू नका, फक्त रस्त्याकडच्या भिंतींना टेकू आणि समोर कठडा. वाड्याच्या मागच्या भिंतीचे, माळवदाचे आणि तुळयांच्या टोकांचे फोटो टाका, शेजारी माप म्हणून फूटपट्टी ठेवा. भिंतीला पोट किती आलंय ते दिसलं की टेकू कुठं द्यायचे ते सांगतो.