संगजिरे इतके मऊ असूनही त्याची भांडी आणि इन्सुलेटर कसे बनतात?

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: संगजिरे, म्हणजेच टाल्क, हे सर्वांत मऊ खनिज असेल तर त्याची स्वयंपाकाची भांडी आणि विजेचे इन्सुलेटर कसे होतात; अंगाला लावायच्या टाल्कच्या पावडरीने कर्करोग होतो असे अलीकडे वाचायला मिळते ते कितपत खरे आहे; आणि आपल्याजवळचा पांढरट दगड संगजिऱ्याचाच आहे का, हे कसे ओळखावे. सिरॅमिकच्या प्रयोगशाळेत या खनिजाशी माझा बराच काळ संबंध आला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. खनिज एकच असले तरी ते अखंड दगड म्हणून वापरले आहे, भट्टीत भाजले आहे की दळून त्याची भुकटी केली आहे, यावर त्याचे वागणे पूर्णपणे बदलते. पहिल्या दोन प्रश्नांतील गोंधळ हा भेद न केल्यामुळेच होतो.

संगजिरे हे मॅग्नेशियमचे सिलिकेट आहे. शुद्ध खनिजात वजनाने सुमारे ६३ टक्के सिलिका, ३२ टक्के मॅग्नेशिया आणि पाच टक्क्यांहून किंचित कमी पाणी असते. हे पाणी दगडात मुरलेला ओलावा नसून स्फटिकाच्या रचनेतच बांधलेले असते, त्यामुळे उन्हात किंवा चुलीवर ते निघून जात नाही. सिलिकेच्या दोन थरांमध्ये मॅग्नेशियमचा एक थर घट्ट धरला जाऊन अतिशय पातळ पापुद्रा तयार होतो आणि असे असंख्य पापुद्रे एकावर एक रचलेले असतात. अभ्रकाची रचना बरीचशी अशीच असली, तरी तेथे पापुद्र्यांवर ऋणभार असतो आणि मधले पोटॅशियमचे आयन त्यांना सांधून ठेवतात. संगजिऱ्याचे पापुद्रे विद्युतदृष्ट्या उदासीन असल्यामुळे त्यांच्यात तसा सांधा नसतो आणि ते बोटाच्या दाबानेही एकमेकांवरून घसरतात. खनिजांना सर्वांत मऊपासून सर्वांत कठीणपर्यंत क्रमांक देणाऱ्या मोहच्या काठिण्यश्रेणीत त्याला पहिला क्रमांक मिळण्याचे, हाताला ते तेलकट लागण्याचे आणि त्याची भुकटी पाण्यात सहजासहजी न भिजण्याचे कारण हेच आहे. म्हणजे प्रत्येक पापुद्रा आतून भक्कम असतो. दुबळे असते ते दोन पापुद्र्यांमधले बंधन.

भांडी शुद्ध संगजिऱ्याची नसतात. ती ज्या दगडाची कोरतात त्यात संगजिऱ्याबरोबर क्लोराइट, मॅग्नेसाइट अशी खनिजे मिसळलेली असतात आणि त्यामुळे त्याला भांड्यापुरती बळकटी येते. तमिळनाडूतील कलचट्टी ही अशीच दगडी भांडी आहेत. चिंचेच्या आंबटपणाचा या दगडावर परिणाम होत नाही आणि एकदा तापला की तो उष्णता बराच वेळ धरून ठेवतो. याच गुणासाठी फिनलंडमध्ये त्याच्या घर उबदार ठेवणाऱ्या शेगड्या बांधतात. गॅसच्या आचेने खनिजाची रचना बदलत नाही, कारण त्यातील पाणी बाहेर पडू लागण्यासाठी साधारण ८०० अंश सेल्सिअसच्या वरचे तापमान लागते. मात्र नवे भांडे एकदम मोठ्या आचेवर ठेवल्यास ते तडकू शकते. म्हणून काही दिवस त्यात गरम पेज भरून ठेवून ते माणसाळवावे आणि तापलेल्या भांड्यात थंड पाणी कधीही ओतू नये. रिओ दी जानेरोच्या १९३१ साली पूर्ण झालेल्या ख्रिस्ताच्या प्रचंड पुतळ्यावरील बाहेरचे आवरणही याच जातीच्या दगडाच्या लहान तुकड्यांचे आहे.

इन्सुलेटरची गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटते. ८०० अंशांच्या पुढे तापवत नेले की रचनेतील पाणी निघून जाते, पापुद्रे मोडतात आणि उरलेल्या द्रव्यापासून एन्स्टटाइट गटाचे कठीण सिलिकेट व मोकळी सिलिका तयार होते. नखाने ओरखडणारा दगड भट्टीतून बाहेर येतो तेव्हा त्यावर सुरीचे पाते सहसा उमटत नाही. कारखान्यात संगजिऱ्याच्या भुकटीत थोडी माती आणि बेरियम कार्बोनेटसारखा द्रावक, म्हणजे भट्टीत वितळायला मदत करणारा पदार्थ, मिसळून, साच्यात दाबून, ती १,३०० अंशांच्या आसपास भाजतात. द्रावक म्हणून फेल्डस्पार हे खनिज वापरले तर भाजताना कणांमध्ये बनणाऱ्या काचेत अल्कलीचे आयन राहतात आणि उच्च कंप्रतेला विजेची गळती वाढते, म्हणून चांगल्या प्रतीच्या मालात ते टाळतात. भाजून कठीण करण्याची हीच करामत सिंधू संस्कृतीच्या कारागिरांना अवगत होती: मोहेंजोदडो आणि हडप्पा येथील बहुतेक मुद्रा त्यांनी मऊ संगजिऱ्यात बारीक कोरल्या आणि मग भाजून पांढऱ्या व टणक केल्या. कोरण्याच्या वेळी मऊ आणि वापराच्या वेळी कठीण, असा दुसरा दगड सहज सापडणार नाही.

भुकटीचे उपयोग इतके आहेत की येथे ते ओझरतेच सांगतो: कागद, रंग, औषधी गोळ्या, रबराच्या ट्यूब एकमेकींना चिकटू नयेत म्हणून केलेली धुरळणी आणि मोटारींच्या बंपरचे पॉलिप्रॉपिलीन ताठ करण्यासाठी केलेली भर. तिचा गैरवापरही होतो. हिंगात ती मिसळली असेल तर हिंग पाण्यात ढवळून ठेवल्यावर तळाशी मातकट गाळ बसतो.

आता भीतीविषयी. दगडी भांडे किंवा भाजलेला इन्सुलेटर वापरण्यात धुळीचा प्रश्न येत नाही. काळजी भुकटीची, विशेषतः श्वासावाटे फुप्फुसात जाणाऱ्या भुकटीची आहे. खाणीत आणि दळण्याच्या गिरणीत वर्षानुवर्षे धूळ ओढणाऱ्या कामगारांना फुप्फुसांचा आजार होतो, हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे आणि या चर्चेत त्यांचा उल्लेख इतका कमी होतो याचे मला वाईट वाटते. दुसरी अडचण भूगर्भातली आहे: ज्या खडकांत संगजिरे तयार होते त्यांतच काही ठिकाणी ट्रेमोलाइट, अँथोफिलाइट यांसारखी खनिजे अ‍ॅस्बेस्टॉसच्या तंतुरूपात आढळतात, आणि अ‍ॅस्बेस्टॉस कर्करोग निर्माण करते याबद्दल शंका नाही. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने टाल्कचा समावेश ‘मानवात बहुधा कर्करोगकारक’ या गटात केला. हे वर्गीकरण पुराव्याच्या बळकटीचे असते. ठरावीक वापरातून किती धोका संभवतो, हे त्यावरून कळत नाही. तरीही तान्ह्या बाळाला पावडर लावू नये आणि कोणीही ती जननेंद्रियांजवळ वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्यावाचून काहीही अडत नाही. आपला दगड कोरायचा असेल तर तो ओला ठेवून कोरावा आणि चांगला मास्क वापरावा.

दगड ओळखण्यासाठी आधी नखाने ओरखडा काढून पाहावा. जिप्समवरही ओरखडा उठतो, पण ते तेलकट लागत नाही. आपल्या दगडावर सौम्य आम्लाचा थेंब टाकून फेस आला तर कॅल्साइट असण्याची किंवा दगडात कार्बोनेट मिसळलेले असण्याची शक्यता आहे. खरी फसगत पायरोफिलाइटमुळे होते. ते अ‍ॅल्युमिनियमचे सिलिकेट असूनही दिसायला आणि हाताला संगजिऱ्यासारखेच असते. प्रयोगशाळेत दोन्हींच्या कपच्यांवर कोबाल्ट नायट्रेटचे द्रावण लावून त्या तीव्र ज्योतीत तापवतात: पायरोफिलाइट निळे होते, संगजिऱ्यावर फिकट गुलाबी छटा येते. ही चाचणी घरी करू नये. जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागात तुकडा दाखवावा.