अंडे कापावे की वाट पाहावी?

प्रश्न : माझ्या बॉल पायथन जातीच्या अजगराची ६ अंडी उबवणपेटीत ३१.५ अंश सेल्सिअसला ठेवून आज ५४ दिवस झाले. आठवडाभरापासून त्यांना खळगे पडू लागले आहेत. पिल्ले आत गुदमरू नयेत म्हणून ती आताच कापावीत का?

उत्तर : इतक्यात नको. अखेरच्या एक-दोन आठवड्यांत मऊ, चामड्यासारखे कवच खचतेच आणि तेवढ्यावरून कात्री हाती घेणे मला घाईचे वाटते. ३१ ते ३२ अंशांवर ही अंडी साधारण ५५ ते ६० दिवसांत फुटतात. तापमान किंचित कमी राहिले तरी मुदत लांबते, म्हणून दिनदर्शिकेपेक्षा अंड्यांकडे पाहावे. पिल्लू तोंडाच्या टोकाशी असलेल्या अंडदंताने कवचाला बारीक चिरा पाडते, त्यांतून चिकट द्रव पाझरतो आणि मग इवलेसे नाक डोकावते. पहिल्या अंड्याला अशी चीर पडल्यानंतर उरलेल्यांना निदान २४ तास द्यावेत. तरीही एखादे गप्पच राहिले, तर बारीक कात्रीने अगदी वरच्या बाजूला छोटीशी खिडकी करावी; मात्र आतल्या पटलावर ठसठशीत रक्तवाहिन्या दिसताच थांबावे, कारण त्या तुटल्यास पिल्लू रक्तस्रावाने दगावू शकते. पिल्लाला ओढून काढण्याचा मोह (तो होतोच) आवरावा. डोके बाहेर काढल्यावरही ते एक-दोन दिवस आतच राहून उरलेला बलक शोषून घेते. तोवर पेटीतली आर्द्रता कमी होऊ देऊ नये.