सूत्र गाळायचं नाही

अनेक आशीर्वाद.

भरती-ओहोटीवरच्या लेखाचे तुझे दोन्ही खर्डे वाचले. पहिल्यात सूत्र आहे, दुसऱ्यात नाही. 'सूत्र दिसलं की वाचक पान उलटतो' असं संपादक म्हणाले आणि तू ते मुकाट्याने काढलंस. आता विचारतेस, कुठला पाठवू? काढण्याआधी विचारायचं होतंस, बाई.

दुसऱ्या खर्ड्यात म्हणतेस, 'सूर्य प्रचंड असला तरी फार दूर आहे, म्हणून भरतीवर चंद्राचा प्रभाव जास्त.' मग पृथ्वीला वर्षभर स्वतःभोवती फिरवताना हाच सूर्य जवळ असतो का? 'मोठा पण दूर' यातून दोन्ही निकाल निघतात. खरा निकाल सूत्रच लावतं. ते गाळायचं नाही, वाचून दाखवायचं.

सूर्याचं वस्तुमान चंद्राच्या सुमारे २ कोटी ७० लाख पट, अंतर सुमारे ३९० पट. ओढ अंतराच्या वर्गाने घटते, म्हणून त्या २ कोटी ७० लाखांना ३९०ने दोनदा भाग. पावणेदोनशेच्या आसपास येतात. ओढीत सूर्य जिंकला. पण भरती नुसत्या ओढीने येत नाही. चंद्राकडच्या बाजूवरची ओढ आणि पृथ्वीच्या मध्यावरची ओढ यांत जो फरक पडतो, त्याने येते, आणि हा फरक अंतराच्या घनाने घटतो. म्हणून आणखी एकदा ३९०ने भाग. उरले ०.४५! आता लिही:

भरतीचं बळ ∝ वस्तुमान / अंतर³

अमावास्या-पौर्णिमेला हे ०.४५ चंद्राच्या १ मध्ये मिळवायचे, अष्टमीच्या सुमारास वजा करायचे. उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) दोन्ही आले. वरळीच्या कोळ्याला त्यांच्या तिथी तोंडपाठ असतात. त्याला 'फार दूर आहे' सांगून काय मिळणार?

पहिला खर्डाही पाठवू नकोस. तिथे तू सूत्र टाकून पळ काढलास. गाळायचं नाही म्हणजे नुसतं चिकटवायचंही नाही.

माझं एक सदर याच पायी बंद पडलं. सूत्र नको म्हणाले, मी म्हटलं मग सदरही नको. घरी बोलणी खाल्ली, हेकट ठरलो. ठरू दे. तयार असलेले लेख पडून राहिले याची हळहळ अजून वाटते, पण सूत्राविना ते छापले असते तर त्यांत माझं काय उरलं असतं? व्याजदर पाव टक्का वाढला की हप्ता किती वाढेल हे लोकलमध्ये उभ्याउभ्या काढणारा माणूस भागाकाराला घाबरतो, हे मला कुणी सांगू नये. पावसाळ्यात साडेचार मीटरवरच्या भरतीच्या तारखा पेपरात बघून बाहेर पडणाराही तोच.

आणि एक परिच्छेद वाढव. चंद्र जवळ असताना सुमारे ३ लाख ६३ हजार किलोमीटरवर असतो, लांब असताना ४ लाख ५ हजारांवर. अंतरात फरक जेमतेम १२ टक्क्यांचा, पण घन केलास की भरतीच्या बळात जवळजवळ ४० टक्क्यांचा. संपादकांना हा आकडा आधी दाखव, सूत्र मागाहून.