लिग्निन सडतं, कुजतं की आंबतं?

प्रश्न असा आहे: कागद गिरणीत लाकूड शिजवून लगदा केल्यावर काळा द्राव उरतो. त्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडाचे धागे एकमेकांना चिकटवणारा पदार्थ, जीवाणूंकडून तोडून उपयोगी रसायनं मिळवायचे प्रयोग चालू आहेत. मराठीत लिहिताना याला सडवणे म्हणावं, कुजवणे की आंबवणे?

'विघटन' चूक नाही. पण वीज सोडली की पाण्याचंही विघटन होतं. इथे जिवंत काहीतरी खातंय, हे त्या शब्दातून कळत नाही.

सडलेलं आपण टाकून देतो. पोत्याच्या तळाचा कांदा सडला की हाताला चिकट लागतो आणि वासानेच कळतो. आंबवणं इडलीच्या पिठाचं. शास्त्रात आंबवणे म्हणजे किण्वन, आणि ते बहुतेकदा हवेवाचून होतं. लिग्निन फोडणाऱ्या ऱ्होडोकॉकस जीवाणूला तर ऑक्सिजन लागतो. म्हणून तोही शब्द मी घेणार नाही.

माझं मत 'कुजवणे'ला. या शब्दात माणसाचा हेतू आहे. शेणखत कुजवतात, चांगलं कुजलेलं मूठभर हातात घ्या, शेणाचा वास गेलेला असतो, ओल्या मातीचा येतो. अंबाडी पाण्यात कुजवून वाख सोडवतात, म्हणजे धागा ठेवायचा आणि त्याला धरून ठेवणारा चिकटा घालवायचा. लाकडात धाग्यांना घट्ट धरून ठेवणारं लिग्निनच. गिरणी धागा घेते आणि लिग्निन बहुतेक वेळा बॉयलरमध्ये जाळते. ते जाळण्याऐवजी कुजवायचं, एवढाच फरक.

एक बारकावा मात्र सांभाळायला हवा. लिग्निन खाताना वाटेत व्हॅनिलिन तयार होतं, तेच व्हॅनिलाच्या वासाचं, पण जीवाणू तेही खाऊन टाकतो. 2013 मध्ये इंग्लंडच्या वॉरिक विद्यापीठातल्या संशोधकांनी ऱ्होडोकॉकसमधलं त्यासाठीचं जनुक काढून टाकलं आणि त्याला गव्हाच्या काडावर वाढवलं. 144 तासांत लिटरमागे 96 मिलिग्रॅमपर्यंत व्हॅनिलिन साचलं. शेतकरी अर्धवट कुजलेल्या खताला कच्चं म्हणून नावं ठेवतो, इथे अर्धवट कुजलेलंच हवं असतं!

तेव्हा वाक्य असं करा: 'जीवाणूंकडून लिग्निन अर्धवट कुजवून व्हॅनिलिन मिळवतात.' आणि 'जीवाणूंद्वारे' नको, 'जीवाणूंकडून'च लिहा. गड्याकडून काम करून घ्यावं, तसंच हे आहे.