मॅकिनॉ बेटावर जिकडेतिकडे फजचीच (साखर, दूध, लोण्याच्या मऊ वडीसारख्या मिठाईची) दुकानं का दिसतात?

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं हे बेट खूप आधीपासून उन्हाळी सुट्टीचं ठिकाण आहे आणि 1880 च्या दशकात मर्डिक कुटुंबाने तिथे मिठाईचं दुकान टाकलं, तेव्हापासून फज चालूच आहे. खरी मजा म्हणजे सगळं गिऱ्हाइकासमोर बनतं! तांब्याच्या भांड्यात उकळलेला पाक थेट संगमरवरी टेबलावर ओततात, मग कारागीर टेबलाभोवती फिरत तो उलथन्याने सारखा उलटत-दुमडत राहतो, गार होता होता लांबट लादी तयार होते, तिचे जाडजूड काप पाडतात. पंखे लावून वास मुद्दाम रस्त्यावर सोडतात आणि बेटावर मोटारींना 1898 पासून बंदी, सगळे पायी, सायकलवर नाहीतर घोडागाडीत, मग वास आला की लोक आत शिरतातच. गेलात तर आधी बनताना बघा, मग घ्या.