परदेशी जाऊन घरी बिअर करायचीय, सामान ऑनलाइन कसं मागवायचं, या प्रश्नाला माझं लांबलेलं उत्तर

तुमचा प्रश्न वाचला आणि उत्तर लिहायला बसलेच. तुम्ही विचारलंय की बायको आणि मुलाला घेऊन पुढच्या वर्षी परदेशी चाललोय, घरी बिअर करायचा नाद आहे, तिकडे माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), हॉप्स (कडवटपणा आणि वास देणारी फुलं) आणि आंबवणारं यीस्ट ऑनलाइन मागवताना काय बघायचं आणि निघताना काही बरोबर न्यावं का. मी नवऱ्याच्या नोकरीमागे बाहेर आले, त्याला आता बरीच वर्षं झाली, आणि हा नाद मला इथे आल्यावरच लागला. व्हिसा, कस्टम्स, काय चालतं काय चालत नाही याच्या याद्या सरकारी साइटवर आहेत, त्या मी परत लिहीत नाही. जे तिथे सापडत नाही तेवढंच सांगते.

कायद्याचं मात्र एक सांगते, कारण लोक गृहीत धरून चालतात. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरी बिअर करायला लायसन्स लागत नाही. अमेरिकेत केंद्राचा कायदा १९७८ मध्ये बदलला, घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलनपर्यंत चालतं, पण तिथेही अलाबामा आणि मिसिसिपीने २०१३ उजाडेपर्यंत परवानगी दिली नव्हती. जपानमध्ये तर १ टक्का अल्कोहोल झालं की लायसन्स हवं, आणि तरी तिथे बिअरची किट उघड विकत मिळतात. म्हणजे ऑनलाइन दुकान विकतंय यावरून करायला परवानगी आहे असं धरू नका, आधी वाचा.

बरोबर काय न्यायचं? धान्य आणि हॉप्स अजिबात नको. वनस्पतीचा माल म्हटला की तपासणी आली, आणि विमानतळावर बायको-मुलासमोर ती बॅग उघडून उभं राहण्यात काही अर्थ नाही. हायड्रोमीटर, म्हणजे द्रवात साखर किती ते मोजायची काचेची नळी, न्या, जाड कपड्यात गुंडाळून, आणि तो किती तापमानाला जुळवलाय ते त्याच्या कागदावर बघून ठेवा, काही १५.६ अंशाला असतात काही २० अंशाला. थर्मामीटर न्या. तुमची नोंदवही न्या, ती कुठेच विकत मिळत नाही.

आता माल्ट. माल्ट जड असतं म्हणून ते जवळच्या पुरवठादाराकडूनच घ्यायचं, लांबून स्वस्त दिसलं तरी कुरिअर धरलं की हिशोब उलटा होतो. भरडायची गिरणी असेल तर बेस माल्टचं, म्हणजे ज्याच्यावर बिअर मुख्यतः होते त्याचं, अख्ख्या दाण्याचं २५ किलोचं पोतं घ्या, कोरड्या जागी वर्षभर सहज टिकतं. गिरणी नसेल तर भरडलेलं मागवा पण तेवढ्याच बॅचपुरतं, कारण भरडलं की ते हवेतला ओलावा ओढायला लागतं आणि दाण्याचा खुसखुशीतपणा जातो. पाकीट आलं की एक मूठ ताटात पसरून बघा. टरफलं बऱ्यापैकी शाबूत हवीत आणि आतला दाणा तीन-चार तुकड्यांत फुटलेला हवा. अख्खे दाणे खूप दिसले तर पाण्यात साखर कमी उतरणार, पीठच पीठ दिसलं तर गाळताना अडणार. भरड कशी हवी ते ऑर्डरच्या खाली लिहिता येतं, चांगले दुकानदार ते वाचतात.

रंगाच्या आकड्यात बरेच जण फसतात. अमेरिकन रेसिपीत क्रिस्टल ६० (क्रिस्टल म्हणजे रंग आणि गोडी देणारं भाजलेलं माल्ट) लिहिलेलं असतं ते लोविबाँड या मापात, आणि युरोपातलं दुकान ईबीसी या तिथल्या मापात आकडा देतं. ६० लोविबाँड म्हणजे ईबीसीत साधारण दीडशेच्या पुढे. तुम्ही ६० ईबीसीचं क्रिस्टल मागवलंत तर बिअर फिकी होईल, करपट-गोड चव येणारच नाही, आणि चूक कुठे झाली ते कळणारही नाही. गॅलनचंही तेच, अमेरिकन गॅलन ३.७८ लिटर आणि ब्रिटिश ४.५४.

लिक्विड माल्ट एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे माल्टचा आटवलेला पाक, घेणार असाल तर पॅकिंगची तारीख विचारा, ते जुनं झालं की काळं पडत जातं. पावडरवालं जास्त टिकतं, पण उघडल्यावर हवा लागली की दगड होतं.

हॉप्सच्या बाबतीत माझी मतं ठाम आहेत. ज्या दुकानाच्या पानावर पीक कुठल्या वर्षाचं ते लिहिलेलं नाही तिथून मी घेत नाही. उत्तर गोलार्धात तोडणी ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास आणि दक्षिणेत फेब्रुवारी ते एप्रिल, म्हणजे ताजा माल कधी यायला हवा हे आपल्याला काढता येतं. पाकीट चंदेरी फॉइलचं आणि हवा काढलेलं किंवा नायट्रोजन भरलेलं हवं. पारदर्शक पिशवीत हॉप्सच्या दाबून केलेल्या गोळ्या भरून देणारे असतात, त्यांच्याकडे दुसरंही काही घेऊ नये असं मला वाटतं. जुन्या हॉप्सला जुनाट चीजसारखा वास येतो, एकदा नाकात बसला की विसरत नाही.

आणि अल्फाचा आकडा, म्हणजे हॉप्समधल्या कडवटपणा देणाऱ्या आम्लाचा टक्का, पाकिटावरचा धरायचा, वेबसाइटवरचा नाही. साइटवर त्या जातीचा सर्वसाधारण आकडा असतो, कॅस्केडचा ५ ते ७ किंवा सिट्राचा ११ ते १४ असा, पण तुमच्या हातात आलेल्या पिकाचा आकडा वेगळा असू शकतो. समजा रेसिपीत ६ टक्केवाले ३० ग्रॅम सांगितलेत आणि तुमचं पाकीट ८ टक्क्यांचं निघालं, तर ३० गुणिले ६ म्हणजे १८०, भागिले ८, साडेबावीस ग्रॅम झाले. कडवटपणासाठी आधी टाकायच्या हॉप्सना हा हिशोब करायचाच. उरलेलं पाकीट दाबून हवा काढून बंद करायचं आणि फ्रीझरमध्ये.

यीस्ट हा नाजूक विषय आहे कारण ते जिवंत असतं. सुरुवातीला सुकं यीस्ट घ्या, डोळे झाकून. ११ किंवा ११.५ ग्रॅमच्या पुड्या येतात, साधारण २० लिटरच्या नेहमीच्या बॅचला एक पुडी पुरते, कुरिअरमध्ये दोन-चार दिवस उन्हाचे गेले तरी बहुतेक वेळा काही होत नाही. लिक्विड यीस्टमधल्या पेशी थंडीत ठेवूनही मरत असतात, महिन्याला वीसेक टक्के गेल्या असं धरून लोक हिशोब करतात, आणि गरम गोदामात पडलं तर विचारूच नका. लिक्विड घ्यायचंच असेल तर बर्फाची पिशवी टाकून घ्या आणि ऑर्डर अशा वारी द्या की शनिवार-रविवार ते गोदामात अडकणार नाही. आल्यावर स्टार्टर करा, म्हणजे थोड्या माल्टच्या पाण्यात ते आधी वाढवून घ्या.

पण यीस्ट निवडायचं ते घराच्या तापमानावरून, चवीच्या वर्णनावरून नाही. तुम्ही भाड्याच्या घरात जाणार, तिथलं हीटिंग कोणाच्या हातात असेल काय माहीत. आंबत असलेली बिअर खोलीपेक्षा दोन-चार अंश गरम असते हे धरूनच बघा. खोली १६ ते १८ असेल तर यूएस-०५ सारखं सुकं एल यीस्ट (एल म्हणजे खोलीच्या तापमानाला आंबणारी बिअर) छान चालतं. थंड कोपरा असेल तर डब्ल्यू-३४/७० नावाचं यीस्ट घालून लागर, म्हणजे थंडीत हळू आंबणारी बिअर, करून बघता येईल. घर तापणारं असेल तर क्वाइक, ते नॉर्वेच्या शेतघरांतून आलेलं यीस्ट आहे आणि ३०-३५ अंशाला खूश असतं.

पाण्यासाठी कॅम्पडेन गोळ्या त्याच ऑर्डरमध्ये टाका, नळाच्या पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन असतं, ते घालवायला २० लिटरला पाव गोळी पुरे होते. भांडी निर्जंतुक करायच्या औषधाची बाटली देशातल्या देशातच घ्या, अ‍ॅसिडवाली असेल तर विमानाने पाठवताना अडते.

आता जे मला खरं सांगायचंय ते. तुमच्या प्रश्नात बायकोबद्दल एकच ओळ आहे, ती बरोबर येणार एवढीच, म्हणून सांगते.

मी आले तेव्हा घराचा करार नवऱ्याच्या नावावर, बँकेचं खातं त्याचं, कार्ड त्याचं, दारावरच्या पाटीवर त्याचं आडनाव, आणि माझ्या पासपोर्टवर माझं माहेरचं. हे किती नडेल हे कुणी सांगितलं नव्हतं. एका दुकानाला वय तपासून माल द्यायचा होता, सामानात अल्कोहोल नव्हतं, धान्य आणि फुलं होती, तरी त्यांचा नियम तसा. ऑर्डर माझ्या नावाने, पैसे त्याच्या कार्डावरून, पाटीवर त्याचं आडनाव. कुरिअरवाल्याने माझा पासपोर्ट बघितला, पाटी बघितली, मान हलवली आणि खोकं परत घेऊन गेला. लिक्विड यीस्ट होतं त्यात. फोन केला तर म्हणाले पत्त्याचा पुरावा पाठवा. पत्त्याचा पुरावा म्हणजे विजेचं बिल, ते त्याच्या नावाने. मग त्यांना लग्नाचा दाखला हवा, तो भाषांतर करून, भाषांतरावर शिक्का हवा. माल्टच्या पोत्यासाठी मी लग्नाचा दाखला पाठवला. तो पाठवताना जे वाटलं ते अजून गेलेलं नाही, आणि त्यात त्या दुकानाचा दोष किती आणि बाकी सगळ्याचा किती हे मला आजही वेगळं करता येत नाही.

म्हणून पोचल्यावर पहिलं काम हे करा, करारावर दोघांची नावं, पाटीवर दोघांची नावं पासपोर्टवर आहेत तशी, आणि तिचं स्वतःचं कार्ड. फर्निचर नंतर घ्या.

मुलाच्या शाळेचंही यातच सांगते. माझ्या मुलीला शाळेने एक वर्ष मागच्या वर्गात बसवलं, भाषा कच्ची आहे म्हणाले. आणि त्याच दिवसांत ही पोरगी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून पोत्याला चिकटवलेला कागद बोट ठेवून ठेवून मला वाचून दाखवायची, ओलावा इतका टक्के, प्रथिनं इतकी, रंग इतका ईबीसी, अर्क इतका. प्रथिनांचा तिथला शब्द मला येत नव्हता, तिला येत होता. मी शाळेत जाऊन हे सांगायला हवं होतं की नाही यावर आम्ही घरी अजून भांडतो. नवरा म्हणतो वर्षाने काय फरक पडतो. तिच्याबरोबरची मुलं पुढे गेली आणि ती लहान मुलांत बसली, तर फरक पडतोच. तुम्हाला असं काही सांगितलं तर कारण लेखी मागा, परीक्षा कोणी घेतली आणि परत कधी घेणार ते तारखेसकट मागा, तोंडी कशाला हो म्हणू नका.

एकटेपणाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पुरुष बहुतेक विचारत नाहीत. पहिल्या हिवाळ्यात नवरा ऑफिसात, मुलगी शाळेत, मला काम करायची परवानगी नाही, आणि मी दिवसभर त्या साइटवर हॉप्सची वर्णनं वाचत बसायचे. सगळं एकदम मागवायचं सोडून मी थोडं थोडं मागवायचे, आज यीस्ट, पुढच्या आठवड्यात हॉप्स. कुरिअर जास्त पडायचं हे कळत होतं. पण बेल वाजायची आणि दारात कोणीतरी माझं नाव उच्चारायचं, वाकडंतिकडं का होईना पण माझं. त्या शहरात दुसरं कोणीच ते घेत नव्हतं. बादलीच्या झाकणावरचा एअरलॉक, म्हणजे आतला वायू बाहेर सोडणारी पाण्याची नळी, बुडबुड करायला लागला की मी त्या खोलीत जाऊन बसायचे, घरात आपल्याशिवाय काहीतरी चालू आहे एवढ्यासाठी. आता मला काम आहे, ओळखी आहेत, बिअर प्यायला माणसं येतात, आणि तरी इथे येणं बरोबर होतं का असं कोणी विचारलं तर मला पटकन उत्तर देता येत नाही. तुम्हाला घाबरवायला लिहीत नाहीये. तुमची बायको दिवसाचे आठ-नऊ तास काय करणार याचा विचार तुम्ही दोघांनी निघायच्या आधी करा, एवढंच म्हणणं आहे, आणि तिला या नादात घ्या, ती घेत असेल तर. नुसतं बाटल्या धुवायला नको, रेसिपी तिने ठरवू दे.

पहिली ऑर्डर काय द्यावी असं विचारलंत तर माझं उत्तर साधं आहे. साधं पेल माल्ट भरडलेलं, एका बॅचपुरतं, थोडंसं क्रिस्टल, एकाच जातीच्या हॉप्सची ताजी पाकिटं, सुक्या यीस्टच्या दोन पुड्या म्हणजे एक हाताशी राहते, निर्जंतुक करायचं औषध, कॅम्पडेन गोळ्या. एकाच दुकानातून. ते दुकान माल कसा बांधून पाठवतं, फुटलं तर काय करतं, मेलला माणूस उत्तर देतो का, हे त्या एका ऑर्डरमध्ये कळतं. मोफत डिलिव्हरीच्या आकड्यापर्यंत पोचायला जास्तीचे हॉप्स टाकायचा मोह होईल, पण फ्रीझर भाड्याच्या घरातला लहान असतो.

देश आणि शहर पक्कं झालं की लिहा, आणि थंडीत पोचताय की उन्हाळ्यात तेही, म्हणजे यीस्ट नेमकं कुठलं ते सांगता येईल. लिक्विड यीस्ट मात्र पाटीवर नावं लागल्याशिवाय मागवू नका.