नियमावर एक तारीख, कारणावर दुसरी

प्रिय,

मसुदा वाचला आणि सोबतची चिठ्ठीही वाचली. चिठ्ठी जास्त आवडली, कारण आपण कुठे अडलो ते तू तिथे सरळ लिहिलं आहेस. अमेरिकेतल्या ज्या मॉर्मन चर्चने १९७८ पर्यंत तुझ्या मित्राच्या लोकांना, म्हणजे कृष्णवर्णीयांना, दाराबाहेर ठेवलं, तिथेच तो आजही दर रविवारी मनापासून जातो. मग इतिहासाची बाजू घ्यायची की मित्राची, असं तू विचारतोस. वंशभेद वाईट असतो हे मी तुला सांगत बसणार नाही, ते तू घरून शिकून आला आहेस. माझी काळजी वेगळी आहे. तुझ्या एकाच वाक्यात एक नियम, त्याची दोन-तीन कारणं आणि सव्वाशे वर्षं एकत्र कालवली गेली आहेत. बाजू निवडायची वेळ त्यामुळे आली आहे.

नियम वेगळा ठेव, कारण वेगळं ठेव, आणि दोघांवर आपापली तारीख घाल. हे मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळू नकोस.

आधी नियम. ‘दाराबाहेर’ हा शब्द चूक आहे. कृष्णवर्णीयांना बाप्तिस्मा मिळत होता, रविवारच्या सभेत ते बसत होते, प्रभुभोजन घेत होते. आफ्रिकी वंशाच्या पुरुषाला याजकपद मिळत नव्हतं, आणि त्या वंशाच्या स्त्री-पुरुष दोघांनाही मंदिरातले मुख्य विधी मिळत नव्हते. मराठी वाचकाला इथे दोन गोष्टी उलगडून सांगाव्या लागतील, त्या तू गाळल्या आहेस. एक, या चर्चमध्ये याजक म्हणजे पगारी, वेगळा शिकलेला वर्ग नव्हे. विसाव्या शतकात मुलगा बारा वर्षांचा झाला की त्याला पहिली पायरी मिळायची आणि तो भाकरी-पाण्याची ताटं रांगेरांगेने फिरवायचा. पुढे तोच प्रार्थना म्हणतो, आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवतो, स्वतःच्या मुलाला बाप्तिस्मा देतो. हे ज्याला नाकारलं जातं, तो बाप आपल्याच मुलाच्या बाप्तिस्म्याला नुसता बघत उभा राहतो. दुसरं, मंदिर आणि रविवारचं सभागृह ही दोन वेगळी ठिकाणं आहेत. मंदिरात नवरा-बायको, आईबाप आणि मुलं मृत्यूपलीकडेही एकत्र राहण्यासाठी बांधली जातात. मंदिर बंद, तर हे बांधलं जाणंही बंद.

म्हणूनच नुसतं ‘याजकपदाची बंदी’ लिहिलंस की स्त्रिया गळतात. याजकपद कुठल्याच स्त्रीला मिळत नव्हतं, मग कृष्णवर्णीय स्त्रीचं काय गेलं, असं वाचक सहज म्हणेल. जेन मॅनिंग जेम्सचं काय गेलं ते बघ. कनेक्टिकटमध्ये जन्मलेली ही स्वतंत्र स्त्री १८४३ साली कुटुंबासह शेकडो मैल चालत इलिनॉयमधल्या नॉवूला पोचली आणि चर्चचा संस्थापक जोसेफ स्मिथ याच्या घरात राहिली. १८४७ मध्ये ती आजच्या युटातल्या सॉल्ट लेकच्या खोऱ्यात आली. १८८४ पासून पुढे ती मंदिराचे विधी मिळावेत म्हणून चर्चच्या पुढाऱ्यांना विनवत राहिली. १८९४ मध्ये तिच्यासाठी एक विधी झाला खरा, पण त्यात तिला जोसेफ स्मिथच्या कुटुंबाशी कायमची ‘सेविका’ म्हणून जोडण्यात आलं, आणि त्या वेळी तिला मंदिरात येऊ दिलं नाही. तिच्या जागी दुसरी बाई उभी राहिली. जेन समाधानी झाली नाही, मागतच राहिली. १९०८ मध्ये ती गेली. तिचे विधी १९७९ मध्ये, मृतांसाठी करतात त्या पद्धतीने झाले. तुझ्या मसुद्यात जेनला अर्धी ओळ आहे. तिला दोन पानं दे.

नियमाची हद्दही नीट आख. तो आफ्रिकी वंशावर होता, सावळ्या कातडीवर नव्हता. मॉर्मनच्या पुस्तकात, म्हणजे या चर्चच्या धर्मग्रंथात, कातडी काळी होण्याचा जो शाप आहे तो लामानी लोकांविषयी आहे. अमेरिकेतले मूळ रहिवासी त्यांचे वंशज, अशी चर्चची समजूत होती आणि त्यांना याजकपद मिळत होतं. फिजीच्या लोकांना १९५० च्या दशकात मोकळीक मिळाली. भारतीयांना नियम लागूच नव्हता. स्मिथनंतर चर्चचे पुढारी झालेले ब्रिगम यंग युटात नियम जाहीर करत होते त्याच सुमाराला, म्हणजे १८५२ पासून, ह्यू फिंडले हा मिशनरी मुंबई-पुण्यात प्रचार करत होता. लामानी लोकांचा शाप आणि आफ्रिकी वंशावरची बंदी एकात मिसळणं ही या विषयातली सगळ्यात जास्त आढळणारी चूक आहे, आणि तुझ्या दुसऱ्या पानावर ती आहे.

आता तारखा. इथे घाई केलीस तर मी रागावेन.

चर्च १८३० चं. एलायजा एबल या कृष्णवर्णीयाला ओहायोतल्या कर्टलंडमध्ये १८३६ साली याजकपद मिळालं, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वरची पायरीही मिळाली. मॅसेच्युसेट्समधल्या लोवेलचा न्हावी वॉकर लुईस यालाही पद मिळालं होतं. १८४७ च्या मार्चमध्ये खुद्द ब्रिगम यंग म्हणतात की लोवेलचा तो आफ्रिकी आमच्या उत्तम ‘एल्डर’पैकी, म्हणजे याजकपद मिळालेल्यांपैकी, एक आहे. पाच वर्षांनी, १८५२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत, युटा प्रदेशाच्या विधिमंडळापुढे तेच यंग सांगतात की आफ्रिकी वंशाला याजकपद मिळणार नाही. त्याच अधिवेशनात गुलामांच्या ‘सेवे’चा कायदा झाला, आणि ऑर्सन प्रॅट या प्रेषिताने (प्रेषित म्हणजे अध्यक्षांखालच्या बारा पुढाऱ्यांपैकी एक) त्याला उघड विरोध केला. तुझ्या मसुद्यात या पाच वर्षांवर एकही ओळ नाही, सरळ ‘मॉर्मन धर्मात सुरुवातीपासून’ असं आहे. सुरुवातीपासून नाही. मिसूरीत मॉर्मनांवरचे हल्ले आधीच होऊन गेले होते. वॉकर लुईसच्या मुलाने गोऱ्या मुलीशी केलेलं लग्न ऐकून यंग यांचा झालेला संताप, गुलाम घेऊन खोऱ्यात आलेले दक्षिणेकडचे सभासद, हे सगळं त्या काळात घडत होतं. यातल्या कशाने किती ढकललं, हे लिहिताना प्रत्येक दाव्याला कागद जोड.

कागद तरी कोणता? यंग यांची भाषणं जॉर्ज वॉट पिटमनच्या लघुलिपीत टिपत असे. छापताना मजकूर बदलायचा, कधी बराच बदलायचा. छापील खंड हाताशी आहे म्हणून त्यातूनच उतरवू नकोस. लघुलिपीतून नव्याने वाचून काढलेला मजकूर आता उपलब्ध आहे, तो घे.

आणि ‘जोसेफ स्मिथने १८३४ मध्येच बंदी सांगितली होती’ हे तू कुठून घेतलंस ते मला ठाऊक आहे. ते विधान १८३४ चं नाही. ३१ मे १८७९ रोजी प्रोव्होत अब्राहम स्मूटच्या घरी झेबेडी कोलट्रिन या म्हाताऱ्याने सांगितलेली ती आठवण आहे, पंचेचाळीस वर्षांनंतरची. त्याच कोलट्रिनने डिसेंबर १८३६ मध्ये एबलला वरची पायरी दिल्याची नोंद आहे. १८३४ मध्ये बंदी ऐकली असेल तर १८३६ मध्ये हात कसा ठेवला? एबल १८७९ मध्ये जिवंत होता, त्याच्याकडे आपली प्रमाणपत्रं होती, आणि संस्थापकाचे पुतणे जोसेफ एफ. स्मिथ यांनी ती मान्य करून त्याची बाजू घेतली. तेच जोसेफ एफ. १९०८ मध्ये, चर्चचे अध्यक्ष असताना, सांगतात की एबलचं पद खुद्द संस्थापक जोसेफ स्मिथने रद्द केलं होतं. माणूस तोच, विधान उलटं, आणि मधल्या काळात एबल मरण पावलेला. बोलल्याची तारीख आणि लिहिल्याची तारीख शेजारी ठेवली नाहीस तर हे दिसणारच नाही.

आता कारणं. बायबलात भावाचा खून करणारा काईन, त्याचा शाप, आणि नोहाचा मुलगा हाम, त्याचा वंश, कृष्णवर्णीय यांचेच वंशज, या कल्पना मॉर्मनांच्या नाहीत. गुलामगिरीच्या समर्थनासाठी त्या युरोप-अमेरिकेत आधीपासून फिरत होत्या. १८५२ मध्ये यंग यांनी काईनाचा आधार घेतला. जन्मापूर्वीच्या आयुष्यात हे आत्मे कमी निष्ठावान होते, ही दुसरी कल्पना. हे आत्मे तिथे तटस्थ राहिले, हे तिचं एक रूप यंग यांनी १८६९ मध्ये साफ नाकारलं, आणि १९४९ मध्ये सर्वोच्च अध्यक्षमंडळाच्या निवेदनात मात्र जन्मापूर्वीच्या वागण्याचीच कल्पना आधाराला उभी आहे. बघ, नियम तोच राहिला, कारण बदललं. आधी शिकवण होती आणि तिच्यातून नियम निघाला, असं मानूनच तुझा अख्खा मसुदा उभा आहे. कागद सांगतात की नियम चालू राहिला आणि त्याला टेकू मागाहून लावले गेले. १९७३ मध्ये लेस्टर बुश या डॉक्टरने जुने कागद एकत्र मांडून हे दाखवलं, त्याला आता अर्धशतक झालं. तरी प्रत्येक नवा लेखक शून्यातून सुरू करतो, याची मला खंत वाटते. आणि बंदीखाली ज्यांनी आयुष्य काढलं, ज्यांना विचारायला हवं होतं, त्यातले पुष्कळजण आता नाहीत.

नियम चालवणं किती अवघड होतं हेही लिही. दक्षिण आफ्रिकेत १९५४ पर्यंत गोऱ्या पुरुषांनाही आपली वंशावळ आफ्रिकेबाहेर नेऊन दाखवावी लागे. ब्राझीलमध्ये रक्त इतकं मिसळलेलं की कोण नियमात बसतो हेच ठरवता येईना. १९७५ मध्ये साओ पाउलोचं मंदिर जाहीर झालं. मंदिरासाठी झटणाऱ्या एल्वेसियो मार्टिन्ससारख्या कृष्णवर्णीय सभासदांनाच त्यात पाऊल टाकता येणार नव्हतं. १ जून १९७८ ला सॉल्ट लेकच्या मंदिरात चर्चचे अध्यक्ष स्पेन्सर किंबल, त्यांचे दोन सल्लागार आणि दहा प्रेषित यांनी प्रार्थना केली, आणि ९ जूनला घोषणा झाली. करसवलत काढून घ्यायची सरकारने धमकी दिली होती, हे तुझ्या मसुद्यात ठामपणे आहे. त्याला तुझ्याकडे एकही समकालीन कागद नाही. काढून टाक.

१९७८ च्या घोषणेच्या पत्रात काय आहे ते शब्दशः वाच. सर्व पात्र पुरुषांना वंश वा वर्ण न पाहता याजकपद, आणि आपल्या माणसांसह मंदिराचे आशीर्वाद, एवढंच. जुनी बंदी का होती, त्यावर एक अक्षर नाही. म्हणजे नियम गेला आणि कारणं तशीच राहिली. ऑगस्टमध्ये ब्रूस मॅकोंकी या प्रेषिताने सांगितलं की या प्रकटीकरणाविरुद्ध (हा निर्णय देवाने कळवला असं चर्च मानतं) आम्ही आधी जे बोललो ते विसरा. पण त्याच्या संदर्भग्रंथातली जुनी स्पष्टीकरणं थोड्याफार फरकाने २०१० पर्यंत विकली जात होती. २०१२ मध्ये चर्चच्याच विद्यापीठातला एक प्राध्यापक वॉशिंग्टनच्या वर्तमानपत्राला तीच कारणं सांगून मोकळा झाला, आणि चर्चला तातडीने हात झटकावे लागले. काळी कातडी म्हणजे शाप, किंवा जन्मापूर्वीच्या वागण्याचं फळ, हे सिद्धांत चर्चने एका निबंधात लेखी नाकारले ते डिसेंबर २०१३ मध्ये. पस्तीस वर्षांनी. त्या निबंधात माफी नाही, आणि बंदी देवाची होती की माणसांची, हे स्पष्ट शब्दांत सांगितलेलं नाही. आणि २०२० च्या छापील अभ्यासपुस्तिकेत काळ्या कातडीच्या शापाची जुनी ओळ, ही लामानी लोकांविषयीची, पुन्हा आलीच. लोक मला विचारतात, तुझ्या लिहिण्यात राग का नाही? राग आहे. १९७८ आणि २०१३ हे दोन आकडे शेजारी लिहिले की तो वाचकाला दिसतो, असं माझं मत आहे, आणि ते मी बदलणार नाही.

काळाराम मंदिराचा परिच्छेदही काढ. तुलना मनात येणं साहजिक आहे, माझ्याही येते. पण मराठी वाचकाला नाशिक दिसलं की त्याला वाटतं आपल्याला कळलं, आणि तो युटाबद्दल वाचायचं थांबवतो.

मित्राबद्दल. तो तिथे का जातो याचं उत्तर तू त्याच्या वतीने लिहू नकोस. एवढं लक्षात ठेव की बंदी असतानाच, १९७१ मध्ये, रफिन ब्रिजफोर्थ, डॅरियस ग्रे आणि युजीन ऑर यांच्या नेतृत्वाखाली सॉल्ट लेकमध्ये कृष्णवर्णीय सभासदांचा जेनेसिस ग्रुप सुरू झाला. नायजेरियात अँथनी ओबिन्ना आणि घानात जोसेफ बिली जॉन्सन यांनी मिशनरी यायच्या आधीच मंडळ्या चालवल्या, पत्रं पाठवली, वाट पाहिली. ओबिन्नाचा बाप्तिस्मा नोव्हेंबर १९७८ चा. या माणसांनी चर्चची कारणं मान्य केली होती असं तू गृहीत धरतोस. श्रद्धा वेगळी, नियम वेगळा, कारण वेगळं, आणि त्यांनी यातलं काय धरलं नि काय सोडलं ते त्यांच्याच लिखाणात शोध. युटा विद्यापीठाचा सुरुवातीच्या शतकातल्या कृष्णवर्णीय मॉर्मनांचा ऑनलाइन संग्रह आहे. बाप्तिस्म्याच्या नोंदी आणि जनगणनेची पानं तिथे मूळ रूपात दिसतात. तिथून सुरुवात कर.

पुढचा मसुदा पाठवू नकोस. आधी तक्ता पाठव, पाच रकाने: विधान, कोण बोललं, कधी बोललं, कोणी कधी लिहून ठेवलं, आणि ते नियमाबद्दल आहे की कारणाबद्दल. चौथा रकाना रिकामा राहिला तर ती ओळ लेखात येणार नाही. एबल, लुईस, जेन, १८५२ ची भाषणं, १८७९ ची बैठक, १९०८, १९४९, १९७८ आणि २०१३ एवढं भरलंस तरी चालेल. मित्राला तो तक्ता माझ्याआधी दाखव, आणि तो काय खोडतो ते मला कळव.